चेनसॉ हातात घेण्याआधी पायांचं बघा

चेनसॉ, म्हणजे फिरत्या दातेरी चेनची यंत्रकरवत, मला लागला तो फांदी कापताना नाही, कापून झाल्यावर. वळवाच्या वादळात बांधावरचा निंब आमच्या केळीत आडवा झाला होता. सकाळपासून मी आणि सालदार फांद्या सोडवत होतो. मनगटाएवढी एक फांदी तुटली, मशीनचं वजन एकदम हातावर आलं, मी रेस सोडली आणि मशीन खाली घेतलं. रेस सोडली तरी चेन त्या क्षणी थांबत नाही. उरल्यासुरल्या वेगात तिने डाव्या मांडीवरची पँट धरली. कापल्याचं कळलंच नाही. आधी पँटच्या चिंध्या दिसल्या, मग चिंध्यांमध्ये काहीतरी पांढरट, आणि रक्त त्यानंतर आलं.

अकरा टाके आणि दीड महिना लंगडणं, एवढ्यावर निभावलं. टाके घालताना डॉक्टरांनी विचारलं, ‘‘पायात काय होतं?’’ मी म्हटलं, ‘‘जीन्स. आणि चप्पल.’’ त्यांनी मान वर न करता पुढचा टाका घातला.

आता हे मशीन खानदेशात गावोगाव झालंय. पूर्वी झाड पाडायचं म्हणजे कुऱ्हाड, दोघांनी ओढायची करवत, नाहीतर वखारवाल्याचा माणूस. आता सहा-सात हजारांत मशीन घरपोच येतं. खोक्यात एक कानस, एक पाना आणि नशीब असेल तर एक पातळसा गॉगल. धरायचं कसं हे सांगणारं कोणी त्या खोक्यातून निघत नाही. कुऱ्हाड चुकली तर एक घाव बसतो. चेन मात्र पूर्ण रेसमध्ये सेकंदाला साधारण २० मीटर पळते, म्हणजे ताशी ७० किलोमीटरच्या वर. माणसाला दचकून पाय मागे घ्यायला पाव सेकंद तरी लागतो, आणि तेवढ्यात शंभराच्या वर दात एकाच जागेवरून गेलेले असतात.

अमेरिकेतल्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने दिलेल्या आकड्यानुसार तिथे वर्षाला सुमारे ३६,००० माणसं चेनसॉच्या जखमा घेऊन दवाखान्याच्या तातडीच्या विभागात येतात, आणि वादळानंतर हा धोका वाढतो. तिथलं हरिकेन, आपला वळीव. पडलेलं झाड दोन्हीकडे सारखंच वागतं. जखमा मुख्यतः पायांना आणि हातांना होतात, त्यातही डाव्या बाजूला जास्त, कारण दोन हातांची सगळी मशीनं उजवा हात मागे आणि डावा पुढे अशीच धरायची असतात. डोक्याच्या आणि मानेच्या जखमा कमी, पण त्या जिवावर बेतू शकतात.

म्हणून मशीन घ्यायला जाल तेव्हा पायांच्या कवचाचे पैसे मशीनच्या किमतीतच धरा. तेवढे जमत नसतील तर मशीन घेऊ नका. ज्याच्याकडे कवच आहे आणि जो ते घालतो, त्याला मजुरी देऊन बोलवा.

पायांचं कवच, म्हणजे चॅप्स

रोटाव्हेटरमध्ये ठिबकची नळी गेलेली जळगाव जिल्ह्यात कोणी बघितली नाही असं होणार नाही. दोन गिरक्यांत ती शाफ्टला अशी गुंडाळते की रोटाव्हेटर जागीच बसतो आणि मग अर्धा तास आपण विळा घेऊन नळी कापत बसतो. चॅप्सचं काम नेमकं असंच चालतं. वरच्या कापडाखाली लांब, चिवट धाग्यांचे अनेक थर मोकळे ठेवलेले असतात. चेन वरचं कापड फाडते, धागे दातांना अडकतात, ओढले जाऊन आतल्या चक्रीत गच्च बसतात आणि चेन थांबते. जाड कापड चेनला अडवतं म्हणून आपण वाचतो असं नाही. चेन स्वतःच गुंतते म्हणून वाचतो. जीन्स, रेक्झिन, जुन्या टायरची ट्यूब पायाला बांधणं, गोणपाट, या कशातच गुंतायला तसा लांब, चिवट, मोकळा धागा नाही, त्यामुळे काहीही जाड बांधलं की झालं, हा हिशोब इथे चालत नाही.

घेताना लेबल बघा. त्यावर चेनसॉचं छोटं चित्र हवं आणि आयएसओ ११३९३ किंवा जुनं ईएन ३८१ असं मानक लिहिलेलं हवं. सोबत वर्ग लिहिलेला असतो: वर्ग १ म्हणजे सेकंदाला २० मीटर वेगाच्या चेनवर तपासलेलं, वर्ग २ म्हणजे २४ मीटर, वर्ग ३ म्हणजे २८ मीटर. घरच्या कामाच्या मशीनला बहुतेक वेळा वर्ग १ चालतो; मोठं मशीन असेल तर त्याच्या पुस्तकातला चेनचा वेग बघून ठरवा. ऑनलाइन ‘सेफ्टी ॲप्रन’ किंवा ‘लेग गार्ड’ म्हणून स्वस्तात मिळणारी बरीच वस्तू गवत कापायच्या मशीनसाठी असते. ती खडे अडवते, चेन नाही. चांगल्या चॅप्सची किंमत स्वस्त मशीनच्या जवळपास जाते, कधी वरही. दुकानदार हसला तर हसू द्या.

चॅप्स कमरेला बेल्टने आणि मागून पोटरीपर्यंत बकलांनी बांधायचे असतात. सगळी बकलं लावा. खालचं बकल सुटं ठेवलं की कवच फिरतं आणि नडगी उघडी पडते. लांबी बुटावर यायला हवी. पूर्ण पँटसारखं, चारही बाजूंनी कवच असलेलंही मिळतं, पण आपल्याकडच्या उन्हात मागून उघडे असलेले चॅप्सच माणूस खरोखर घालतो, आणि घातलेलंच कवच कामाचं.

धुताना साधा साबण, थंड पाणी. ब्लीच नको, इस्त्री नको, फाटलं म्हणून आतल्या थरांतून शिलाई तर अजिबात नको. धागे शिवले गेले की ते सुटून येत नाहीत. एकदा चेन लागून आतले थर ओढले गेले की ते कवच संपलं. आमच्या गोठ्यात तसे वाया गेलेले चॅप्स लटकवलेले आहेत. गेल्या वर्षी सालदाराच्या मांडीवर चेन आली, सावरीचं बोंड फुटावं तसा पांढरा गुंता बाहेर आला आणि मशीन बंद पडलं. पायावर फक्त लाल वळ उठला. तो गुंता चक्रीतून काढायला पाऊण तास लागला, आणि तेवढा वेळ दोघेही काही बोललो नाही.

एक सावधगिरी: विजेवरच्या आणि बॅटरीच्या मशीनची मोटर धाग्यांमध्ये गुंतूनही जोर लावत राहते, म्हणून तिथे चॅप्सचा भरवसा कमी. घालायचेच, पण त्यांच्या जिवावर हलगर्जी नको.

डोकं, कान, डोळे

चेनसॉचं हेल्मेट वेगळं मिळतं. त्याला जाळीचा पडदा आणि कानावरची आवरणं जोडलेली असतात. मोटरसायकलचं हेल्मेट घालून काम करणारे मी बघितलेत. बाजूचं दिसत नाही, आतून घाम डोळ्यांत उतरतो आणि दहा मिनिटांत ते बांधावर ठेवलं जातं. जाळीतून वारा खेळतो, पण बारीक भुसाही येतो, म्हणून आत साधा सेफ्टी गॉगल हवाच. तो शे-दीडशेत मिळतो. याला सबब नाही.

कानांचं कोणी मनावर घेत नाही कारण तिथे रक्त येत नाही. ८५ डेसिबलचा आवाज आठ तास सहन करता येतो असं धरलं, तर दर ३ डेसिबलला ती वेळ निम्मी होते. १०० डेसिबलला पंधरा मिनिटं उरतात, आणि चेनसॉ १०० च्या वरच असतो. मात्र कान झाकले की हाक ऐकू येत नाही. त्यामुळे आधीच खुणा ठरवा. हात वर म्हणजे थांब. आणि कापणाऱ्याला मागून येऊन खांद्यावर हात ठेवायचा नाही, कधीच नाही. समोर जाऊन, लांबून, त्याला दिसेल असं उभं राहायचं.

हात, पावलं आणि गळ्यातला रुमाल

बूट पुढे लोखंडी टोपी असलेले, घोट्याच्या वर जाणारे, तळ खाचांचा. एमआयडीसीजवळच्या दुकानांत मिळणारे सेफ्टी शूज चालतात. चेनसॉसाठीचे खास बूट मिळाले तर उत्तमच. गमबूट चिखलाला बरे, चेनला काही नाहीत. हातमोजे घट्ट बसणारे हवेत. चेनसॉच्या काही मोज्यांत डाव्या हाताच्या पाठीवर कवच असतं, कारण मशीन उसळलं तर तोच हात आडवा येतो.

आता खरी अडचण. खानदेशात मे महिन्यात शेतात गेलेल्या माणसाच्या गळ्यात किंवा डोक्याला रुमाल नाही असं होत नाही. त्याची सुटी टोकं चेनमध्ये गेली तर ती कापड कापत बसत नाही, गळ्यासकट आत ओढते. लुंगी, धोतराचा सोगा, बाहेर लोंबणारा शर्ट, करदोटा, हातातलं कडं, सगळं तसंच. फांद्या ओढायला आलेल्या बाईच्या पदराचंही तेच. रुमाल हेल्मेटच्या आत डोक्याला आवळून बांधा, टोकं खोचा. दुसरा, मोठा रुमाल मशीनच्या पेटीत ठेवा. तो कशाला, ते शेवटी सांगतो.

पैसे एकदम नसतील तर माझा क्रम असा: गॉगल आणि कानाचे बोळे पहिल्याच दिवशी, कारण ते किरकोळीत येतात. मग चॅप्स. मग हेल्मेट, मग बूट, मग मोजे. हेल्मेट आधी घ्या असं म्हणणारेही आहेत. झाड उभं पाडायचं असेल तर त्यांचंच बरोबर.

ऊन

‘‘एवढं सगळं घालून ४४ डिग्रीत काम करून बघा,’’ असं मला सांगितलं जातं. मी करून बघितलंय, आणि नाही करायचं हेच उत्तर आहे. सकाळी सहाला सुरू करायचं, दहाला मशीन पेटीत. भुसावळ-जळगावच्या उन्हात अकरानंतर माणूस रेस सोडायला अर्धा क्षण उशीर करतो, आणि त्या अर्ध्या क्षणाचीच गोष्ट मी सुरुवातीला सांगितली. दर टाकीला एक विश्रांती: टाकी संपली की सावलीत बसा, मीठ-साखरेचं पाणी प्या, मशीन थंड होऊ द्या. गरम इंजिनवर पेट्रोल ओतायचं नाही. भरल्या जागेपासून दहा पावलं लांब जाऊन मगच सुरू करायचं. बिडी कुठे ओढायची ते सांगायला नको.

मशीन रोज सकाळी तपासायचं ते

पहिलं, ब्रेक. पुढच्या मुठीसमोरचा पंजा म्हणजे चेनचा ब्रेक; तो नुसता हात वाचवायचा दांडा नाही. मशीन जमिनीवर ठेवून सुरू करा, दोन्ही हातांनी धरून रेस द्या आणि डाव्या मनगटाने पंजा पुढे ढकला. चेन जागच्या जागी थांबली पाहिजे. घसरत थांबली तर त्या दिवशी काम नाही. दुसरं, रेस सोडल्यावर इंजिन चालू असताना चेन फिरते का? फिरत असेल तर स्लो रेसचा स्क्रू कमी करा. तिसरं, मागच्या मुठीतलं लॉक न दाबता रेसचा खटका दबत असेल तर ते मशीन मेस्त्रीकडे.

चेनची ताण-ढील बंद मशीनवर, मोजे घालून बघा. हाताने सहज फिरली पाहिजे, पण बारच्या, म्हणजे ज्या लांब पट्टीभोवती चेन फिरते तिच्या, खाली लोंबकळता कामा नये. ढिली चेन सुटते, आणि सुटलेली चेन उजव्या हाताकडे येते. धार बघायला भुसा बघा. बारीक ढलप्या निघत असतील तर धार आहे. पीठ निघतंय आणि तुम्हाला दाबावं लागतंय तर कानस घ्या, कारण बोथट चेन माणसाला जोर लावायला लावते आणि जोर लावलेला माणूस लाकूड तुटताच पुढे झोकांडतो. धार लावणारा दातापुढचा बुटका दात जास्त घासून देत असेल तर त्याला आवरा. त्याने मशीन झपाट्याने कापतं हे खरं, पण उसळतंही तितकंच.

उसळणारं मशीन

बारच्या टोकाचा वरचा अर्धा भाग कशालाही टेकला, म्हणजे मागची फांदी, दगड किंवा निंबात कधीकाळी ठोकलेला तारेचा खिळा, की चेन क्षणभर अडते आणि सगळा जोर उलटा फिरून बार वर, तुमच्या तोंडाकडे येतो. याला किकबॅक म्हणतात. तो बघून टाळता येत नाही. आधीच अशा जागी उभं राहायचं की आला तरी चुकेल.

मशीनच्या रेषेत डोकं नको. शरीर रेषेच्या डावीकडे. डावा अंगठा पुढच्या मुठीला खालून गुंडाळलेला. चारही बोटं आणि अंगठा एकाच बाजूला ठेवायची सवय इथे सर्रास दिसते, आणि मशीन उसळलं की ती मूठ सुटते. डावं कोपर ताठ. खांद्याच्या वर कापायचं नाही, शिडीवर चढून कापायचं नाही, एका हाताने कापायचं नाही. उंच फांदीसाठी लांब दांड्याची करवत असते. मशीन सुरू करताना जमिनीवर ठेवा, ब्रेक लावा, मागच्या मुठीत उजव्या बुटाचा पुढचा भाग दाबा आणि दोरी ओढा. हवेत झटका देऊन सुरू करणं पोरांना रुबाबदार वाटतं.

सध्या डाळिंब, लिंबू, सीताफळाच्या छाटणीला बॅटरीचे चार-सहा इंची छोटे चेनसॉ आले आहेत. ते एका हाताने चालतात, म्हणून दुसरा हात आपोआप फांदी धरायला जातो, आणि बोटं चेनच्या वाटेत येतात. मोकळा हात पाठीमागे ठेवा, अक्षरशः. आणि ग्राइंडरला चेनची चकती लावून लाकूड कापणाऱ्यांना एकच सांगणं आहे: ती आजच काढून भंगारात टाका. तिला ना ब्रेक, ना आडोसा.

वादळात पडलेलं झाड

उभं झाड पाडण्यापेक्षा पडलेलं झाड फसवं. आधी तार बघा. झाड वीजतारेवर किंवा तारेजवळ असेल तर १९१२ वर महावितरणला फोन करा आणि लाइनमन येईपर्यंत मशीन पेटीत ठेवा. स्वतः डीओ, म्हणजे डीपीवरचा फ्यूज, पाडून ‘‘लाइन बंद आहे, काप’’ म्हणणारा हुशार प्रत्येक गावात असतो. ‘‘काही होत नही, भो’’ हे त्याचं ठरलेलं वाक्य. त्याला चहा पाजून बसवून ठेवा.

मग झाडाभोवती एक पूर्ण चक्कर मारा. कुठली फांदी दबलेली आहे, कुठली ताणलेली? वाकलेली फांदी म्हणजे ताणलेलं धनुष्य. बाहेरच्या, ताणलेल्या बाजूने एकदम कापली तर ती फाटून छातीवर येते. आधी दबलेल्या बाजूने थोडा काप, मग ताणलेल्या बाजूने हळूहळू, आणि उभं राहायचं ते फांदी उसळेल त्याच्या विरुद्ध बाजूला. मुळांसकट उपटलेल्या झाडाचा बुंधा कापला की मुळांचा गड्डा परत खड्ड्यात उभा होतो. त्या खड्ड्यात पोरं खेळत असतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय. ट्रॅक्टरने दोर ओढणं आणि कापणं एकाच वेळी नको. केळीच्या बागेत खाली ठिबकची नळी आणि माती. चेन मातीला टेकली की क्षणात बोथट, म्हणून खोडाखाली लाकडाचे ठोकळे घाला.

उभं झाड पाडायचंच असेल तर झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरात दुसरं कोणी नको आणि पळायची वाट मागे तिरकी, आधीच साफ केलेली. पडायच्या बाजूला खोडाच्या पाव भागापर्यंत खाच, मागून काप, आणि मधे खोडाच्या जाडीच्या दहाव्या हिश्शाएवढं लाकूड बिजागरीसारखं शिल्लक. ते पूर्ण कापलं की झाड कुठेही जातं. घरावर, रस्त्यावर किंवा विहिरीवर झुकलेलं झाड असेल तर जाणत्याला बोलवा. साग, चिंच, आंबा, मोह अशा झाडांना १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याची परवानगी लागते, बांध स्वतःचा असला तरी.

लागलंच तर

एकट्याने काम करायचं नाही, हे सगळ्यात आधी. धडगाव, मोलगी, तोरणमाळ बाजूला मोबाइलला रेंज कुठल्या टेकाडावर येते ते कामाआधी बघून ठेवा, आणि गाडी रस्त्याकडे तोंड करून उभी करा. मांडीची मोठी रक्तवाहिनी कापली गेली तर काही मिनिटांचाच वेळ असतो. तेवढ्यात तुम्ही तिथे काय करता यावर सगळं आहे.

मशीन बंद, माणूस आडवा. स्वच्छ कापड जखमेवर, जखम खोल असेल तर आतही भरून, दोन्ही तळहातांनी अंगाचा भार टाकून दाबा. कापड भिजलं तर काढू नका, त्यावर दुसरं ठेवा. एकजण दाबत असताना दुसऱ्याने १०८ ला फोन करायचा. हातापायाचं रक्त दाबूनही थांबत नसेल तर पेटीतला तो मोठा रुमाल काढा. चार-पाच सेंटिमीटर रुंद घडी करून जखमेच्या वर चार बोटं, सांध्यावर नव्हे, दोन वेढे द्या, गाठीत मशीनचा पाना किंवा मजबूत काठी अडकवून पिळत जा, रक्त थांबेपर्यंत. माणूस ओरडेल. सोडू नका. सुतळी, वायर, बुटाची नाडी वापरू नका, ती मांसात रुतते. बांधल्याची वेळ कपाळावर पेनने लिहा आणि डॉक्टरांशिवाय कोणी ते सैल करायचं नाही. मानेला किंवा जांघेत लागलं असेल तर बांधता येत नाही, तिथे फक्त दाबत राहायचं.

हळद, चहापत्ती, तंबाखू, चुना, राख काहीही जखमेत घालू नका. बोट तुटलं असेल तर ते शोधा, ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळा, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा. बोट थेट बर्फावर ठेवलं की ते गोठून वाया जातं. धुळे, जळगाव किंवा नंदुरबारच्या शासकीय रुग्णालयात नेताना पोहोचल्या पोहोचल्या सांगा की जखम चेनसॉची आहे. वरून फाटलेली दिसते तेवढीच ती नसते. आत भुसा, साल आणि चेनचं ऑइल गेलेलं असतं, आणि ते धुऊन काढल्याशिवाय नुसते टाके घातले तर आतून पू होतो. धनुर्वाताचं इंजेक्शन आधी कधी घेतलं होतं हेही विचारतील. माझ्या वेळी मला आठवलं नव्हतं, म्हणून आता ती तारीख मशीनच्या पेटीच्या झाकणावर आतून लिहून ठेवलेली आहे, माझी आणि सालदाराचीही.